थेरपीत प्रगती आहे, पण मुलगा मिटत चाललाय

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. मुलगा 11 वर्षांचा आहे. सहाव्या वर्षी डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डरचं, म्हणजे डीएलडीचं (भाषा समजायला किंवा वापरायला येणारी, टिकून राहणारी अडचण) निदान झालं. तेव्हापासून स्पीच थेरपी चालू आहे. वाक्यं लांबली, शब्द वाढले, यंदाच्या चाचणीत गुणही चांगले आले. आणि नेमका याच वर्षी तो खेळायला जायचा बंद झाला. सकाळी पोट दुखतं म्हणतो, चिडला की ‘मी ढच आहे’ म्हणतो. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: भाषा आणखी सुधारली की आत्मविश्वास आपोआप येईल ना, त्याला निदानाबद्दल सांगावं का, आणि थेरपीचे तास वाढवावेत का.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. डीएलडी असलेली मुलं बालवाडीपासून नोकरीला लागेपर्यंत जवळून पाहत आलेय. तरी तुमच्या मुलाला मी पाहिलेलं नाही. त्याचं वाचन कसं आहे, सोबत लक्ष न लागण्याची अडचण आहे का, वर्गात कोणी छळतंय का, यावर बरंच अवलंबून आहे. यापैकी काही असेल तर खाली लिहिलेल्यातलं काय आधी करायचं, तो क्रम बदलेल.

तुमच्या तिन्ही प्रश्नांखाली एकच समजूत आहे. भाषा ही मूळ अडचण, मन उदास होणं हा तिचा परिणाम, म्हणून भाषेवर काम करत राहिलं की मन मागोमाग सावरेल. समजूत अगदी साहजिक आहे, आम्ही थेरपिस्टही कळत-नकळत तसंच बोलतो. पण ती बरोबर नाही. भाषेचे गुण आणि मनाची अवस्था या गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नसतात. मनाकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं आणि ते आत्ताच द्यावं लागतं, भाषा ‘पूर्ण’ सुधारायची वाट न बघता.

हे कशावरून म्हणते, ते सांगते. इंग्लंडमध्ये 1995 साली भाषेसाठीच्या खास वर्गांत शिकणारी 7 वर्षांची 242 मुलं निवडून मँचेस्टरच्या संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा थेट चोविशीपर्यंत केला. वयाच्या 16व्या वर्षी त्यांना मनःस्थितीबद्दलच्या प्रश्नावल्या दिल्या, तेव्हा या मुलांपैकी 39 टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं लक्षणीय प्रमाणात दिसली. त्याच वयाच्या इतर मुलांमध्ये हे प्रमाण 14 टक्के होतं. हा आकडा वाचून घाबरायच्या आधी दोन गोष्टी ध्यानात घ्या. ही मुलं मुळात जास्त अडचण असलेली, खास वर्गात घातलेली होती, आणि प्रश्नावलीत लक्षणं दिसणं म्हणजे आजाराचं निदान नव्हे. मला या अभ्यासातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ज्याची भाषा जास्त कच्ची तो जास्त उदास, असं काही आढळलं नाही. भाषा बऱ्यापैकी असलेली मुलंही खचलेली होती आणि भाषा फार कच्ची असलेली काही मुलं मजेत होती. शिवाय सक्तीचं शालेय शिक्षण संपल्यावर, वर्षभरातच, याच मुलांमधली नैराश्याची लक्षणं कमी झालेली दिसली. चिंता मात्र तशीच राहिली. एका वर्षात कोणाची भाषा पालटत नाही. बदललं होतं ते त्यांच्या दिवसाचं रूप.

डीएलडी काय असतं याबद्दल फार लिहीत नाही, तुम्हाला ते माहीत आहे. नव्याने वाचणाऱ्यांसाठी एवढंच: ऐकू कमी येणं, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता असं कोणतंही कारण नसताना भाषा समजायला किंवा वापरायला अडचण येते, ती शाळेच्या वयातही टिकते आणि रोजच्या जगण्यात आडवी येते, तेव्हा तिला डीएलडी म्हणतात. हे नाव 2017 मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या काही देशांतल्या तज्ज्ञांनी सहमतीने ठरवलं, त्याआधी वेगवेगळी नावं चालायची. शाळेत दाखल होणाऱ्या मुलांपैकी सुमारे 7 टक्क्यांना ही अडचण असते, म्हणजे 30 मुलांच्या वर्गात साधारण दोघांना. आईवडील कमी बोलले, टीव्ही जास्त दाखवला, घरात दोन भाषा होत्या, यातल्या कशानेही डीएलडी होत नाही. आणि बहुतेकांच्या बाबतीत ते पूर्ण जातही नाही. मूल त्याच्यासह मोठं होतं.

आता तुमचा मुलगा याच वयात का मिटला, याकडे येऊ. सहा-सात वर्षांच्या मुलांची मैत्री धावण्यावर चालते. पकडापकडी, चेंडू, सायकल. बोलायचं फारसं काम नसतं. दहा-अकराच्या आसपास मैत्री बोलण्यावर येते. खेळाआधी पंधरा मिनिटं नियमांवर वाद, एकमेकांना टोपणनावं, टिंगल, काल काय पाहिलं त्याच्या गप्पा, आणि हे सगळं चार-पाच जण एकदम बोलत असताना. भाषेचे गुण वर्षाला थोडे-थोडे वाढत असतात, पण आजूबाजूच्या मुलांच्या बोलण्याचा वेग आणि वळणं एकदम वाढतात. म्हणजे चाचणीत मूल पुढे गेलेलं असतं आणि मैदानात मागे पडलेलं असतं. दोन्ही एकाच वर्षी आणि दोन्ही खरं.

एक नेहमी दिसणारा प्रकार सांगते. मुलाचा चेंडू भलतीकडे जातो. कोणीतरी ओरडतं, ‘वा रे वा, काय शॉट मारलास!’ डीएलडी असलेलं मूल शब्द ऐकतं, खूश होतं आणि ‘थँक्यू’ म्हणतं. सगळे हसतात. का हसले हे त्याला घरी गेल्यावर कळतं, कधी कधी कळतही नाही. असं चार वेळा झालं की ते उत्तर देणंच सोडतं. मग ते हसरा चेहरा ठेवून मान हलवायला शिकतं. हे मान हलवणं मोठ्यांनाही फसवतं. ‘कळलं ना?’ म्हटलं की ‘हो’ येतंच. मी ‘कळलं का’ विचारणं कधीच सोडून दिलंय. ‘आता तू पहिल्यांदा काय करणार?’ असं विचारते. उत्तर काय येतं यावरून खरं काय ते समजतं.

भांडणाचा प्रकार तर याहून वाईट. दोन मुलांची मारामारी होते, बाई दोघांना बोलावतात आणि म्हणतात, ‘काय झालं ते नीट सांगा.’ दुसरा मुलगा पटपट, क्रमाने, स्वतःला सांभाळून गोष्ट सांगतो. आपल्या मुलाला सांगायचं असतं, ‘त्याने मला आधी मारलं, म्हणून मी त्याला ढकललं.’ घाईत, धास्तीत बाहेर पडतं, ‘मी ढकललं... त्याला मारलं... त्याने...’ एक ‘ने’ आणि एक ‘ला’ इकडचा तिकडे झाला, एक ‘म्हणून’ गळला की फिर्यादीचा आरोपी होतो. मग शिक्षा होते, आणि अन्यायही समजावून सांगता येत नाही म्हणून मूल वही फेकतं किंवा दार आपटतं. नोंद होते ती दार आपटल्याची. वागणुकीच्या आणि भावनिक अडचणींसाठी ज्या मुलांवर शिक्का बसलेला असतो, त्यांची भाषा तपासली तर पाचातल्या चौघांमध्ये आधी कोणाच्याच लक्षात न आलेली भाषेची अडचण निघाली, असं 2014 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलेल्या पाहणीत आढळलं होतं. मला त्याचं नवल वाटलं नाही.

म्हणून पहिलं काम शाळेत. वर्गशिक्षिकेशी बोलून एवढंच ठरवून घ्या की भांडण झालं तर याची बाजू सगळ्यांसमोर, त्याच क्षणी, तोंडी मागायची नाही. दहा मिनिटं शांत होऊ द्यायचं. मग एका कागदावर चार चौकोन आखून द्यायचे: आधी काय, मग काय, मग काय, शेवटी काय. चौकोनात रेघांची माणसं काढली तरी चालतात. चित्रावर बोट ठेवून तो जे सांगेल ते बहुतेक वेळा खरं आणि पुरेसं असतं. ही सवलत म्हणून मागू नका. खरं काय घडलं हे शिक्षिकेलाही हवंच असतं, तशी मागा. जमलं तर आणखी एक गोष्ट मागा. तयारीशिवाय वर्गात मोठ्याने वाचायला किंवा उत्तर द्यायला अचानक उभं करू नये. उद्या कोणता प्रश्न विचारणार हे आदल्या दिवशी त्याला सांगितलं, तर तोच मुलगा हात वर करताना दिसेल. सकाळची पोटदुखी कोणत्या वारी जास्त असते, हेही वेळापत्रकाशी ताडून पाहा. बऱ्याचदा एक विशिष्ट तास किंवा मधल्या सुट्टीतलं एक विशिष्ट टोळकं सापडतं. छळ होत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो थांबवावा लागेल. त्यात मुलाला ‘दुर्लक्ष कर’ सांगून भागत नाही.

आता निदान सांगावं का. माझं उत्तर: सांगा. तुमच्या मुलाने स्वतःपुरतं निदान आधीच केलेलं आहे, ‘मी ढ आहे’. तुम्ही गप्प राहिलात तरी त्याच्याकडे कारण आहेच, फक्त ते चुकीचं आहे आणि त्याला जास्त दुखावणारं आहे. थेरपीला पाच वर्षं येणाऱ्या मुलाला आपल्यात काहीतरी वेगळं आहे हे कळत नसेल, असं समजणं भाबडेपणाचं आहे. कसं सांगायचं हे मात्र मुलावर अवलंबून आहे. एकदम बसवून, गंभीर चेहऱ्याने सांगू नका. गाडीत, चालताना, काहीतरी हाताने करताना सांगा, म्हणजे नजरेला नजर द्यावी लागत नाही. वाक्यं छोटी ठेवा. मी साधारण असं बोलते:

‘तुझा मेंदू बऱ्याच गोष्टी पटकन करतो. पण दोन कामांना त्याला जास्त वेळ लागतो. लोक भराभर बोलले की ते लक्षात धरायला, आणि आपल्याला बोलायचंय ते वाक्य जुळवायला. याला डीएलडी म्हणतात. लहानपणापासून आहे. कोणाच्या चुकीमुळे झालेलं नाही. तुझ्या शाळेत आणखी काही जणांना असणार. हे पूर्ण जात नाही, पण काम सोपं करायच्या युक्त्या असतात. त्यातल्या काही तुला येतात.’

एवढंच. मग त्याच्याच आठवड्यातलं एक उदाहरण द्या: ‘परवा ते सगळे एकदम बोलत होते तेव्हा तू तिथून निघून आलास ना, ते यामुळे.’ पहिल्या वेळी तो बहुतेक विषय बदलेल. बदलू द्या. काही दिवसांनी तोच विचारेल, आणि जे विचारेल तेवढ्याचंच उत्तर द्या. ‘ही तुझी खास शक्ती आहे’ वगैरे सांगायच्या मोहात पडू नका. अकरा वर्षांच्या मुलाला खोटं लगेच ओळखू येतं आणि मग तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो. मित्रांना सांगायचं की नाही, हे त्याच्यावर सोडा. शाळेला सांगणं तुमच्या हातात आहे. मित्रांना काय सांगायचं ते त्याच्या.

‘काय झालं?’ विचारलं की ‘काही नाही’ एवढंच म्हणतो, असंही तुम्ही लिहिलंय. तो लपवत असेलच असं नाही. भावनांचे शब्द ही भाषेतली फार नाजूक गोष्ट आहे. हिरमुसणं, खजील होणं, एकटं पडणं, हेवा वाटणं, धास्ती वाटणं. हे शब्द दाखवता येत नाहीत, बोट ठेवून शिकवता येत नाहीत, त्यामुळे डीएलडी असलेली मुलं ते उशिरा आणि मोजकेच शिकतात. त्यांच्याकडे ‘राग आला’ आणि ‘कंटाळा आला’ असे दोन-तीन शब्द असतात आणि सगळं त्यांतच कोंबलं जातं. एक मुलगी माझ्याकडे कित्येक आठवडे ‘बोर होतं’ म्हणत होती. अखेर तिने चित्र काढलं, त्यात डबा खाताना ती एकटी बसलेली होती.

तेव्हा मोकळे प्रश्न टाळा आणि पर्याय द्या. ‘आज मधल्या सुट्टीत एकटं वाटलं की राग आला, की दोन्ही?’ 1 ते 5 आकड्यांची पट्टी करा, ‘आजचा दिवस किती?’ काही मुलं बोलण्यापेक्षा टाइप करून बरी मोकळी होतात. शेजारच्या खोलीतून मेसेज आला तर हसू नका, मेसेजनेच उत्तर द्या. आणि तुमच्या स्वतःच्या भावनांना त्याच्यादेखत नाव द्या, ओघात, शिकवणीचा आव न आणता: ‘मीटिंगमध्ये माझं कोणी ऐकलंच नाही, मी पार हिरमुसले.’ गोष्टीच्या पुस्तकातला शब्द आणि घरात घडलेला प्रसंग यांची गाठ पडली की तो शब्द टिकतो.

इथे एक सावधगिरी. मुलाला समुपदेशकाकडे न्यायची वेळ आली तर जरूर न्या, पण बोलण्यावर चालणारा उपचार हा भाषेवर चालतो. ‘तुला असं वाटलं असतं तर त्याऐवजी दुसरा कोणता विचार करता आला असता?’ या एका वाक्यात जर-तर आहे, काळ आहे, स्वतःच्याच विचाराबद्दल विचार करणं आहे. मुलगा मान हलवेल आणि समुपदेशक लिहितील, ‘सहकार्य करतो, पण प्रगती नाही.’ पहिल्या भेटीआधी एक पानाचं टिपण द्या: छोटी वाक्यं, एका वेळी एक प्रश्न, उत्तरासाठी थांबणं, चित्रं आणि आकडे वापरणं, शेवटी त्याच्याकडून वदवून घेणं. तुमच्या थेरपिस्टना ते लिहायला सांगा, त्यांना दहा मिनिटं लागतील.

मैत्रीबद्दल. पालक बहुतेक वेळा मुलाला घोळक्यात ढकलतात: शिबिर, पार्टी, क्लास. घोळका हीच सगळ्यात अवघड जागा आहे. एक मित्र पुरतो. दोघंच असावेत, ठरलेला वेळ असावा, आणि मधे काहीतरी करायचं असावं, ज्याचे नियम आधीच ठरलेले आहेत आणि ज्यात बोलणं आलं तर येतं, नाही आलं तरी अडत नाही. बुद्धिबळ, पोहणं, सायकल, बॅडमिंटन, काहीतरी जोडणं-बांधणं. तुम्ही घरात असा, पण खोलीत नको, आणि ‘अरे त्याला सांग ना’ असं दुरून सुचवू नका. दीड तासाने, मजा चालू असतानाच, संपवा. लांबलं की थकवा येतो. दिवसभर भाषा उलगडत राहण्याचा थकवा खरा असतो, आणि थकला की भांडण होतं.

कोणाला बोलवायचं? सगळ्यात लोकप्रिय मुलाला नको. थोडा शांत, थोडा धीराचा मुलगा शोधा, वर्गशिक्षिकेला विचारलंत तर त्या नाव सांगतील. वयाने एखाद्या वर्षाने लहान असला तरी हरकत नाही. मँचेस्टरच्या त्याच पाहणीत आणखी एक चांगली गोष्ट दिसली होती: या मुलांमधल्या बहुतेकांची दुसऱ्याला मदत करायची, वाटून घ्यायची, सांभाळून घ्यायची वृत्ती मोठं होईपर्यंत टिकून राहिली. हे भांडवल त्याच्यापाशी असेल तर वापरा. लहान मुलांना पोहायला शिकवताना मदतनीस होणं, ग्रंथालयात पुस्तकं लावणं, शेजारच्या कुत्र्याला फिरवणं. यात तो घेणारा नसतो, देणारा असतो, आणि त्याच्या आठवड्यात अशी वेळ फार कमी असते.

त्यावरून एक हिशेब सुचवते. त्याचा आठवडा कागदावर मांडा. शाळा, शिकवणी, गृहपाठ, थेरपी, घरचा सराव. यातले किती तास तो त्याला सगळ्यात कमी जमणारी गोष्ट करतो आणि किती तास जमणारी? बहुतेक घरांत उत्तर पाहून आईवडील गप्प होतात. एखाद्या मोठ्या माणसाला जागेपणीचा सगळा वेळ त्याच्या सगळ्यात कच्च्या बाजूवर घालवायला लावला, तर तोही ‘मी ढ आहे’ म्हणेल. चांगल्या जमणाऱ्या गोष्टीत त्याने पदक आणायला हवं असंही नाही. फक्त ती अभ्यासाचं बक्षीस म्हणून देऊ नका आणि शिक्षा म्हणून काढून घेऊ नका. कमी गुण पडले म्हणून पोहणं बंद, हा निर्णय मी जिथे जिथे पाहिला, तिथे गुण काही वाढले नाहीत.

आत्तापर्यंतचं एका दमात: शाळेत बाजू मांडायची सोय, त्याला निदान सांगणं, भावनांना शब्द आणि पर्याय, एक मित्र, आणि आठवड्यात जमणाऱ्या गोष्टीला राखीव जागा. सगळं एकदम सुरू करू नका. शाळा आणि निदान, ही दोन आधी.

घराबद्दल थोडं. धाकटी बहीण त्याची वाक्यं पूर्ण करते असं तुम्ही लिहिलंय. तिला रागावू नका, ‘दादाचं बोलणं झालं की तुझी पाळी’ एवढा नियम सगळ्यांना सारखा लावा, तुम्हालाही. आणि शाळेचं माध्यम वेगळं म्हणून घरची भाषा बंद करायचा सल्ला कोणी दिला असेल तर तो ऐकू नका. दोन भाषांमुळे डीएलडी होत नाही आणि वाढतही नाही. घरची भाषा बंद केल्याने मात्र आजीआजोबांशी बोलणं तुटतं, आणि न चिडता, न हसता ऐकून घेणारी माणसं या मुलाला मुळातच कमी असतात.

तुम्ही सरळ विचारलं नाहीत, पण प्रश्नाच्या शेवटच्या ओळीत ते आहेच: हा पुढे सुखी होईल का? कॅनडात ओटावामध्ये 1982 साली 5 वर्षांची मुलं निवडून असाच दीर्घ अभ्यास सुरू झाला. ती मुलं पंचविशीत पोचली तेव्हा भाषेची अडचण असलेल्यांचं शिक्षण सरासरीने कमी झालेलं होतं, नोकऱ्याही तुलनेने खालच्या होत्या. हे लपवण्यात अर्थ नाही. पण ‘तू तुझ्या आयुष्याबद्दल किती समाधानी आहेस’ या प्रश्नावर त्यांची उत्तरं इतरांपेक्षा वेगळी नव्हती. आणि चांगल्या आयुष्याशी जोडलेली दिसली ती भोवतालची माणसं: कुटुंब, मित्र, आधार देणारा गोतावळा. मँचेस्टरच्या मुलांच्या बाबतीत आणखी एक धागा सापडला. भाषेची अडचण आणि मनाची अवस्था यांच्या मधे ‘हे मला जमेल’ हा विश्वास उभा होता. तो असला की अडचणीचा मनावरचा भार हलका होत होता.

हा विश्वास कौतुकाने येत नाही. दुकानात स्वतः काही मागितलं, समोरच्याला कळलं नाही, पुन्हा वेगळ्या शब्दांत सांगितलं आणि ती वस्तू मिळाली, यातून तो येतो. आणि नेमकं इथे आपण आईवडील मधे पडतो. काउंटरवरचा माणूस घाईत आहे, मागे रांग आहे, मूल अडखळतंय, आपल्याला बघवत नाही आणि आपण बोलून मोकळे होतो. थांबा. घरी आधी दोनदा सराव करून घ्या, अडलं तर म्हणायचं एक वाक्य पाठ करून द्या, ‘जरा थांबा, मला सांगायला वेळ लागतो’, आणि दोन पावलं मागे उभ्या राहा. हे वाक्य त्याला पुढे मुलाखतीतही कामाला येईल. गर्दी नसलेल्या वेळी सुरुवात करा.

मदत ताबडतोब कधी घ्यायची, तेही सांगते, कारण या मुलांमध्ये उदासपणा शब्दांतून कमी दिसतो. झोप बिघडली, जेवण कमी झालं, आवडीची गोष्टही नको झाली, शाळेला जाणं पूर्ण थांबलं आणि हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचं काही बोलला, लिहिलं किंवा चित्रात काढलं, तर त्याला शब्द नीट सापडले नसतील असं म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी त्याच्याशी सरळ बोला, त्याला एकटं ठेवू नका आणि तज्ज्ञांना गाठा. सकाळची पोटदुखी डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या. ती मनाची असेल असं आधीच धरून चालू नका.

राहिला शेवटचा प्रश्न, थेरपीचे तास वाढवावेत का. मी वाढवणार नाही. कमी करावेत का, हे त्याच्या वाचनावर ठरेल. वाचन वयाच्या बरंच मागे असेल तर तिथलं काम चालू ठेवावं लागेल, कारण पुढे सगळे विषय वाचूनच शिकायचे असतात. पण तासांचं उद्दिष्ट बदलायची वेळ नक्की आली आहे. शब्दांच्या याद्या आणि वाक्यपूरण आता पुरे. त्याऐवजी घडलेली गोष्ट क्रमाने सांगणं, ‘मला कळलं नाही, पुन्हा सांग’ असं न लाजता म्हणणं, टोमणा ओळखणं आणि त्यावर काय म्हणायचं, ग्रूप चॅटमधला विनोद समजून घेणं, भांडणानंतर बोलणं पुन्हा सुरू करणं. पुढच्या बैठकीला त्यालाही बसवा आणि थेरपिस्टना त्याच्यासमोर तीन पर्याय मांडायला सांगा, त्यातला एक तो निवडेल. त्याने तुम्हाला बिनमहत्त्वाचा वाटणारा पर्याय निवडला तरी पुढचे तीन महिने त्यावरच काम होऊ द्या, आणि मग पुन्हा विचारा.